वच्छीचे लंगोट

वच्छी माझी धाकटी बहीण. ती पाठीवर एक गाठ घेऊनच जन्माला आली. दवाखान्यात ती गाठ काढली, पोर जगली, आणि घरी सोडताना डॉक्टरांनी मायला एवढंच सांगितलं की पाय जरा अधू राहतील आणि लघवीचं हिला कळणार नाही. मग करायचं काय, कपडा कसा बांधायचा, कातडी कशी सांभाळायची, यातलं अक्षरही कुणी बोललं नाही. मायनं पोर पदराखाली घेतली आणि एसटीत बसून घरी आली. त्यानंतर आम्ही जे काही केलं ते आपलं आपणच शोधून केलं, आणि जे शोधलं ते गावापासून लपवलं. आता साठी उलटल्यावर त्या दिवसांतल्या ओढाताणीचं मला काही वाटत नाही. ओढाताण सगळ्यांच्याच घरात होती. त्या लपवण्याचा राग मात्र अजून येतो, आणि तो कमी व्हावा असंही मला वाटत नाही.

भोकरदन तालुक्यातलं आमचं गाव. बाजार केदारखेड्याचा, बाकी सगळं पायी. घराला दोन खोल्या, पुढं ओसरी, मागं न्हाणी आणि न्हाणीमागं तुरीचं वावर. सकाळी मायच्या भाकरी थापण्याचा आवाज आणि पलीकडच्या पिठाच्या गिरणीची टुकटुक एकदमच सुरू व्हायची, आणि त्या दोन आवाजांत वच्छी ओसरीवरून पाढे म्हणायची. शाळा आमच्या घरासमोरच होती, मधे फक्त रस्ता. भिंतीपलीकडून जे ऐकू येई ते सगळं तिला पाठ. शाळेतून घरी जाणाऱ्या पोरांना ती ओसरीवरून अडवायची, "ए, आज सतराचा चुकला तुझा," आणि ती पोरं पळायची. दिवसभर ती तिथंच बसायची, खाली गोणपाटाचा तुकडा, अंगात झगा, आणि आत मायनं जुन्या लुगड्याची घडी करून लहान लेकराला बांधतात तशी बांधलेली. दोन पावलं टाकली की ती घडी सरकायची. म्हणून तिनं पावलंच टाकायची नाहीत, असं ठरून गेलं होतं. तिचे पाय अधू होते, पण ती चालत होती. भिंतीला धरून, एक पाय ओढत, चालत होती. तिला बसवून ठेवलं ते पायांनी नाही, एका फडक्यानं.

माय ती फडकी उजाडायच्या आत धुवायची. वाळत घालायची तर दोरीवर आधी फडकी, आणि त्यावर स्वतःचं ओलं लुगडं, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसायला नको. ओल्या लुगड्याखाली फडकी काय वाळणार? पावसाळ्यात ती चुलीवर आडव्या काठीला टांगलेली असायची, येसराची आमटी शिजायची आणि वर फडक्यांतून वाफ निघायची. मी एकदा म्हटलं, "माय, उन्हात टाक ना गं सरळ." ती म्हणाली, "लोकं काय म्हणतील? उद्या तुला पाहायला येतील तव्हा?" म्हणजे वच्छीचं ओलं मला लागणार होतं, आणि माझ्या लग्नासाठी वच्छीनं दमट फडकी नेसायची होती. हा हिशेब कुणी मांडला होता? मायनं नाही. तिच्या हातात तो तयारच दिला गेला होता.

मी सातवी झाले आणि माझी शाळा सुटली, कारण पुढची शाळा दुसऱ्या गावाला होती आणि पोरगी एकटी कशी जाणार. त्याच साली मी हट्ट धरला की मी नाही तर वच्छी तरी. दादा, म्हणजे आमचे वडील, गरीब स्वभावाचे, कुणाला उलटून न बोलणारे. ते वच्छीला कडेवर घेऊन शाळेत गेले, मागून मी. तिचं नाव घातलं. ती पुढच्या रांगेत बसली. पाटीवर तिनं काय काय लिहिलं ते मी खिडकीतून बघत होते. मधल्या सुट्टीच्या आधीच तिच्याखालची फरशी ओली झाली. मोठ्या गुरुजींनी वर्ग थांबवला. एका पोरीला बादली आणायला लावली, फिनेल टाकून ती जागा सगळ्यांसमोर धुवून घेतली, आणि वच्छी तिथंच बाजूला, भिंतीला धरून उभी. मग ते दादांना म्हणाले, "हिला कोरडी ठेवायची सोय करा, मंग आणा. इथं बाकीची लेकरं बसून राह्यलेत."

दादा म्हणाले, "बरं." रस्ता ओलांडताना ते मला म्हणाले, "राहू दे. घरीच बसंल." वच्छी त्यांच्या खांद्यावर होती. ती रडली नाही. तिनं मला विचारलं, "आक्का, कोरडी म्हंजी कशी? सुट्टीपर्यंत की शाळा सुटंस्तोर?" त्या गुरुजींनी जे विचारात घेतलं नव्हतं ते त्या पोरीनं घेतलं होतं. अट काय आहे, ते तिला नीट समजून घ्यायचं होतं.

त्या दिवसांत मी गावातल्या शिवणक्लासला जात होते. पाहायला येणारी माणसं विचारतात, शिवणकाम येतं का, म्हणून मला तिथं घातलेलं. पायमशीन दोन, पोरी दहा-बारा, आणि शिकवणाऱ्या बाई कडक. सुरुवातीला कागदावर कापायला लावत, मग कापडावर पहिला धडा असायचा तान्ह्या बाळाचा: झबलं, टोपडं आणि तीन कोनी लंगोट. पोरी लंगोटाला लेस लावायच्या आणि एकमेकींना कोपर मारून हसायच्या. ज्याचा अजून बाप ठरलेला नाही त्या बाळाच्या लंगोटाचं किती कौतुक! बाई स्वतः तो हातात धरून दाखवायच्या, शिवण आत कशी दुमडायची, लेकराच्या मांडीला कशी टोचू द्यायची नाही. मी सगळं मन लावून ऐकलं. दुसऱ्या दिवशी वच्छीचं माप घेऊन गेले, दादांच्या जुन्या धोतराचं मऊ कापड नेलं, स्वच्छ धुतलेलं, आणि तोच तीन कोनी लंगोट मोठा कापायला बसले.

बाई मागं येऊन उभ्या राहिल्या. "एवढा मोठा कुणाला शिवून राह्यलीस?"

"माझ्या बहिणीला. वच्छीला."

त्यांनी माझ्या हाताखालचं कापड दोन बोटांत उचललं आणि बाजूला ठेवलं. "माझ्या मशीनवर असलं शिवायचं न्हाई. इथं लोकांच्या बायकांची ब्लाऊजं शिवली जातात."

"बाई, धुतलेलं कापड आहे. तिनं अजून घातलंसुद्धा न्हाई."

"तरी पण."

त्या 'तरी पण'ला मी आयुष्यभर उत्तर शोधते आहे. टेबलावर लेस लावलेले इवले इवले लंगोट ओळीनं मांडलेले होते, आणि तोच कपडा, तोच आकार, तीच शिवण, फक्त चार वितींचा झाला की घाण. मी कापड गुंडाळलं, कात्री ठेवली आणि क्लासला जाणं बंद केलं. मायनं कारण विचारलं तेव्हा मी खरं सांगितलं. तिनं निवडायचे तांदूळ बाजूला सारले. मग म्हणाली, "सुई-दोरा हाय ना घरात."

शिवायला बसले तेव्हा मला काहीच येत नव्हतं, हे सांगायला हवं. क्लासमध्ये शिकलेली सरळ शिवण हातानं घालायला गेले तर ती वाकडीतिकडी. पहिला लंगोट असा झाला की त्याच्या एका पायाच्या जागेत वच्छीचे दोन्ही पाय मावले असते. ती तो डोक्यात घालून ओसरीवर बसली आणि म्हणाली, "टोपडं बेस झालं, आक्का." दुसरा बसला, पण पाणी धरेना. मग मला वाटलं बाहेरून प्लास्टिक हवं. खताच्या गोणीत आतून जी पिशवी असते ती काढली, साबणानं घासून धुतली आणि कापडाला चारी बाजूंनी आणि मधूनही टाके घालून जोडली. ती घालून वच्छी चालली की चुरचुर, चुरचुर असा आवाज यायचा, शेळी मान वर करून बघायची. आवाजाचं एक वेळ चाललं असतं, पण थोड्याच वेळात सगळं खाली ठिबकलं. सुईनं पाडलेल्या प्रत्येक भोकातून थेंब येत होता. मी स्वतःच प्लास्टिकची चाळणी केली होती. तेव्हा कळलं, की पाणी अडवायचं असेल तर मधे टाका घालायचाच नाही, फक्त कडेला.

मग वाटलं कापड पातळ पडतं, म्हणून लंगोट जाड केला. मांजरपाटाचे पदर एकावर एक शिवून गादीच केली. ती पाणी धरायची, पण वाळेना. वरून कोरडी लागायची, आत ओल तशीच, आणि तिसऱ्या दिवशी आंबूस वास. आणि सगळ्यात वाईट झालं ते इलॅस्टिकचं. मांडीजवळून गळू नये म्हणून मी जुन्या चड्डीचं इलॅस्टिक काढून घट्ट शिवलं. त्या दिवशी थेंब पडला नाही. मी नाचलेच. संध्याकाळी माय तिला न्हाऊ घालत होती आणि एकदम तिनं मला हाक मारली. दोन्ही मांड्यांवर लाल रेघ, आणि एका बाजूला कातडी फाटून रक्त. मी वच्छीला हलवून विचारलं, "अगं, सांगितलं का न्हाई?"

"मला दुखलंच न्हाई."

तिला तिथं दुखतच नव्हतं. कधीच दुखलं नव्हतं. हे आम्हाला त्या दिवशी कळलं, ती सात वर्षांची झाल्यावर. ज्या डॉक्टरांनी गाठ काढली त्यांना ते माहीत असणारच. मायला चार वाक्यं जास्त सांगायला त्यांना किती वेळ लागला असता? खेड्यातल्या बाईला काय कळणार, असं त्यांना वाटलं असेल. ती जखम भरायला फार दिवस लागले. माय हळद आणि खोबरेल लावायची.

जखम भरल्यावर माझी पुन्हा सुई धरायची छाती होईना. तेव्हा माय माझ्याजवळ येऊन बसली. तिला लंगोट येत नव्हते, पण वाकळ शिवता येत होती. जुनी लुगडी एकावर एक अंथरून धावदोऱ्यानं शिवलेली जाड वाकळ आमच्याकडं प्रत्येक घरात असते. मायनं माझी आंबलेली गादी उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाली, "एवढं जाड एकाच ठिकाणी कशाला शिवतीस? घडी येगळी ठेव. वाळताना उघडली म्हंजी झालं." म्हणजे लंगोट वेगळा आणि आतली घडी वेगळी. मग आम्ही दोघी शिवायला लागलो. बाहेर दादांच्या धोतराचं कापड, त्याच्या आत बाजारातून आणलेलं मेणकापड, बाळंतिणीच्या अंथरुणात घालतात ते, फक्त कडेनं शिवलेलं. आत घडी घालायला खिशासारखी फट. इलॅस्टिकच्या जागी कमरेला नाडी, आणि मांडीशी कापड दुहेरी दुमडून मऊ काठ, ज्यात माझं एक बोट सहज फिरेल इतका सैल. घडी टर्किशच्या जुन्या टॉवेलाची, लांब, तिहेरी दुमडायची. वाळत घातली की पसरून एकेरी.

आणि वाळत घातली कुठं? पुढच्या दोरीवर, ओसरीसमोर, उन्हात. ते मायनंच केलं. लुगडं न टाकता. समोरून जाणारी एक बाई थांबून बघायला लागली तेव्हा माय म्हणाली, "पोरीचे लंगोट हायेत. काय पाहिजे होतं?" बाई चालू लागली.

हल्ली असले लंगोट पाकिटातून मिळतात. जालना शहरात कुठल्याही मेडिकलवर जा, तान्ह्यांची पाकिटं समोर, हसऱ्या बाळांची चित्रं असलेली. मोठ्या माणसांची मागं, फळीखाली, आणि मागितली की दुकानदार आवाज उतरवतो आणि काळ्या पिशवीत गुंडाळून देतो. वच्छीसाठी घेताना मी त्याला मोठ्यानं सांगते, पिशवी नको, तशीच दे. रिक्षावाल्यापासून सगळ्यांना दिसू दे. लोकांना वाटतं म्हातारीचं डोकं फिरलं आहे.

तर वच्छी कोरडी झाली. आम्ही घरी आधी करून पाहिलं, शाळेची घंटा झाली की बांधायचा आणि मधल्या सुट्टीच्या घंटेला बघायचं. बाहेरून कोरडी. मग मी स्वतः तिला घेऊन गेले. आम्ही चालतच गेलो, ती रस्त्यात माझा हात आणि पुढं शाळेची भिंत धरून. गुरुजींना नाही म्हणायला कारण सापडेना. त्यांनी तिला शेवटच्या रांगेत, दाराशी बसवलं. मी रोज मधल्या सुट्टीत ओढणीखाली नवी घडी घेऊन जायचे आणि शाळेमागच्या आडोशाला बदलून यायचे. पोरं चिडवायची. एकानं तिला काहीतरी नाव ठेवलं तेव्हा तिनं त्याला त्याचा सतराचा पाढा म्हणायला लावला आणि ते प्रकरण तिथंच संपलं. घरी आली की भाकरी आणि ठेचा खाता खाता ती मला शाळेतलं सगळं सांगायची आणि मी, सातवी शिकून घरी बसलेली, ते अधाशासारखं ऐकायचे.

दिवाळीनंतर कधीतरी शाळेत तपासणीला साहेब यायचे होते. भिंतींना चुना लागला, दारात रांगोळी निघाली, पोरांना नखं कापून यायला सांगितलं. त्या दिवशी वच्छी सकाळीच वेणी घालून तयार. मधल्या सुट्टीच्या वेळेला मी घडी घेऊन गेले तर बाहेर जीप उभी, सुट्टी झालेलीच नाही, वर्ग चालू. दाराशी बघितलं. वच्छीची जागा रिकामी. तिथल्या पोरीनं हनुवटीनंच मागं खूण केली.

शाळेमागं पाण्याची टाकी होती. टाकीजवळ दगडावर, उन्हात, वच्छी पाटी मांडीवर घेऊन बसली होती. चेहरा लाल झालेला.

"इथं काय करून राह्यलीस?"

"गुरुजी म्हणले, साहेब जाईस्तोर इथं बस."

"ओली झाली होतीस का?"

"न्हाई. हात लावून बघ."

मी हात लावून बघितला. कोरडी होती. झगा कोरडा, दगड कोरडा. तोपर्यंत मी रागावले नव्हते. खरंच सांगते, ती ओली असती तर मी मान खाली घालून तिला घरी घेऊन आले असते, कारण इतक्या महिन्यांत मलाही ते पटायला लागलं होतं की कोरडं असणं हीच काय ती गोष्ट आहे. पण अट पाळली होती. एकेक टाका उसवून पुन्हा घालून आम्ही ती अट पाळली होती. आणि त्यांना वच्छी तरीही नको होती. म्हणजे फरशीचा प्रश्न कधी नव्हताच.

मी तिला पाठीवर घेतलं आणि तरातरा वर्गाच्या दाराशी आले. आत साहेब खुर्चीवर, गुरुजी फळ्याजवळ. वच्छी कानाशी म्हणाली, "आक्का, उतरव मला." मी उतरवलं. ती भिंतीला धरून आत गेली. तिच्या ओढलेल्या पायाचा फरशीवर आवाज. ती तिच्या दाराशेजारच्या जागेवर बसलीच नाही. ती पुढच्या रांगेपर्यंत गेली आणि तिथं बसली.

मी दारातूनच बोलले. "गुरुजी, तुम्ही म्हणले होते कोरडी आणा. मी कोरडी आणली. आता अजून काय करून आणायची ते एकदाच सांगून टाका."

गुरुजी साहेबांकडं बघून हसले. "पोरगी जरा आजारी असते, साहेब, म्हणून बाहेर हवेला—"

"मी आजारी न्हाई," वच्छी म्हणाली. साहेब तिच्याकडं बघत होते म्हणून ती साहेबांनाच सांगत होती, उत्तर सांगावं तसं, स्पष्ट. "मला मुतायचं कळत न्हाई, एवढंच. बाकी सगळं कळतं."

पोरं खो खो हसली. गुरुजींनी छडी टेबलावर आपटली. आणि साहेब? मला आजही सांगायला आवडलं असतं की साहेब उठले, तिच्या डोक्यावर हात ठेवला, गुरुजींना चार शब्द सुनावले. तसलं काही झालं नाही. साहेबांनी घड्याळ बघितलं, "बरं बरं, बस," म्हणाले, आणि पुढच्या वर्गाकडं गेले. नंतर त्यांनी पोहे खाल्ले, चहा घेतला आणि जीप गेली. एका सात वर्षांच्या पोरीला वर्गाबाहेर बसवलं होतं, हे त्यांनी स्वतः ऐकलं होतं, आणि त्यांना त्यावर विचारण्यासारखं काही वाटलं नाही.

संध्याकाळी गुरुजी घरी आले. दादा ओसरीवर दोर वळत बसले होते. गुरुजींची तक्रार वच्छीबद्दल नव्हती, माझ्याबद्दल होती. "मोठ्या पोरीला वळण न्हाई तुमच्या. साहेबासमोर तोंड वर करून बोलली. उद्या सोयरीक कशी जमवणार?" ते बराच वेळ बोलले. माय दारामागं, मी मायमागं. दादांचे हात दोरावर चालूच होते. गुरुजींचं बोलून झाल्यावर दादांनी वर बघितलं आणि विचारलं, "गुरुजी, धाकटीला उद्या किती वाजता पाठवू?"

गुरुजींनी चपलांत पाय घातले. ते म्हणाले, "रोजच्याच टायमाला," आणि निघून गेले.

अंबडकडचं एक स्थळ माझ्यासाठी चालू होतं, ते त्या महिन्यात गप्प झालं. कुणी काय सांगितलं असेल ते सांगायला नको. माय थोडी रडली. मी रडले नाही. माझं लग्न पुढं झालं, चांगलं झालं, पण तो इथला विषय नाही. वच्छी पुढच्या रांगेतून उठली नाही. तिला तिथून उठवायला गुरुजींना सगळ्या वर्गासमोर कारण सांगावं लागलं असतं. माझं लग्न होईपर्यंत ती स्वतःचे लंगोट स्वतः शिवायला लागली होती आणि माझ्या शिवणीत खोडी काढायची. दहावी झाली, टायपिंग शिकली, जालन्यात एका बियाणं कंपनीच्या ऑफिसात लागली, आणि अजून तिथंच आहे. कुबडी घेऊन रिक्षानं जाते-येते.

माझ्या आठवणींच्या वहीतलं हे प्रकरण मी माझ्या मुलाकडं टाईप करायला दिलं तर त्यानं मधेच थांबून मला हाक मारली. "आई, हे गाळू या का? मावशीचं एवढं उघडं कशाला? निदान नाव तरी बदल." तो वाईट नाही. त्याला मावशीची काळजीच वाटत होती. पण मला पुन्हा ते लुगडं दिसलं, दोरीवर टाकलेलं, आणि मी त्याच्यावर असा आवाज चढवला की सून स्वयंपाकघरातून बाहेर आली. मग मला वाटलं, मी कोण ठरवणार? म्हणून वच्छीला फोन लावला आणि पहिल्या ओळीपासून सगळं वाचून दाखवलं. मागं ऑफिसातली माणसं, फोन, कुणाचं तरी हसणं ऐकू येत होतं. माझं वाचून झालं तरी ती गप्पच. मला वाटलं लाईन कट झाली.

"आहेस का गं?"

"आहे," ती म्हणाली. "आडनाव राहिलंय माझं. ते पण घाल."